पवनीचा छायाखांब

पवनीला जाण्याचे रस्ते दोन आहेत. एक भंडाऱ्याहून निघून पहेला, अड्याळ ही गावे घेत दक्षिणेकडे उतरतो. तो सुमारे ४५ किलोमीटरचा. दुसरा नागपूरहून उमरेड-भिवापूर करीत येतो. तो ८० किलोमीटरांच्या आसपास भरतो. ज्याला भंडारा जिल्हा डोळे भरून पाहायचा असेल त्याने पहिल्या रस्त्याने जावे, आणि जायचे ते दिवाळीच्या सुमारास. ह्या दिवसांत हलक्या धानाची कापणी झालेली असते, कडपा बांध्यांतून पसरलेल्या असतात, आणि भारी धान मात्र अजून ओंब्यांच्या ओझ्याने वाकून उभे असते. दोन गावांच्या मध्ये कुठेतरी तलाव लागतो. ह्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या राबून बांधलेल्या पाळी अजून पाणी धरून आहेत.

एकेकाळी तिसराही मार्ग होता. नागपूर-नागभीड ही छोटी गाडी पवनी रोड नावाच्या स्टेशनावर थांबत असे. ती इतकी सावकाश चाले की, पोरे धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढत. २०१९ च्या नोव्हेंबरात रूळ रुंद करण्यासाठी ती बंद झाली. स्टेशन गावापासून लांब, आणि उतारू मूठभर. तरीही ह्या भागातली कितीतरी पोरे शिकायला, पोटामागे आणि पलटणीत भरती व्हायला बाहेर पडली ती त्याच गाडीने. त्यांपैकी एकाविषयी पुढे सांगायचे आहे. परंतु आधी गाव पाहू.

पवनी हे वैनगंगेच्या उजव्या तीरावरचे फार जुने गाव. नदी शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट-गोंदिया-भंडारा असा वळसा घेत येथे पोहोचते, आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. गावाच्या एका अंगाला ही नदी आणि उरलेल्या बाजूंना मातीचा प्रचंड तट. तटाबाहेर पूर्वी खंदक होता. बालसमुद्र नावाचा तलावही जवळच आहे. वेशीतून आत शिरले की, रस्ता अरुंद होतो आणि देवळांना सुरुवात होते. मुरलीधराचे देऊळ, दत्ताचे देऊळ, पंचमुखी गणपती. हा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत मोडतो. पवनीला विदर्भाची काशी म्हणण्याचा प्रघात आहे. घाटावर उभे राहिले की, त्यातली अतिशयोक्ती क्षम्य वाटते. वैजेश्वराच्या घाटाच्या रुंद पायऱ्यांवर सकाळी बायका धुणी घेऊन येतात, ढिवरांच्या डोंग्या काठाला लागलेल्या असतात, आणि कुणाच्या तरी तेराव्याची मंडळी मुंडणासाठी बसलेली असतात. संसार आणि स्मशान ह्यांचा इतका शेजार दुसरीकडे क्वचितच दिसेल.

कोष्टी लोकांच्या मागांचा खटखटाट एकेकाळी ह्या गावाची ओळख होती. आता तो फारच थोड्या घरांतून ऐकू येतो. कोशाच्या करवतकाठी लुगड्याचे काठ विणताना तीन धोटे लागतात, आणि ते फेकायला दोन माणसे. एकट्याने ते काम होत नाही. हे मी एवढ्यासाठी नोंदवून ठेवतो की, पुढच्या हकिकतीतही दोघेच आहेत.

पवनीचे खरे वैभव जमिनीखाली आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते ह्यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी ह्यांनी ते काम पाहिले. जगन्नाथ टेकडीखाली मौर्यकाळाइतका जुना बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या भोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आढळली. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या नदीकाठी कुणी दगड दिला, कुणी खांब दिला, आणि आपले नाव मागे ठेवले.

ह्या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो एक खांब. त्यावर प्राकृत भाषेत एवढेच म्हटले आहे की, हा महाक्षत्रप कुमार रूपिअम्म ह्याचा छायाखांब. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. महामहोपाध्याय मिराशींनी त्याचा अभ्यास केला आहे. क्षत्रप म्हणजे शक सत्ताधीश. पश्चिमेकडून आलेल्या ह्या लोकांतला एक मोठा अधिकारी वैनगंगेच्या काठी दिवंगत झाला आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी खांब उभारला, असा त्याचा अर्थ होतो. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्यालाही असे छायाखांब मिळाले आहेत. त्यांतले काही लढाईत पडलेल्या सैनिकांचे आणि सेनापतींचे आहेत.

छाया हा शब्द मराठीच्या मास्तराला सहजासहजी सोडवत नाही. छाया म्हणजे सावली, आणि छाया म्हणजे प्रतिमाही. फोटो आला तेव्हा आपण त्याला छायाचित्र म्हटले ते ह्याच दुसऱ्या अर्थाने. म्हणजे ज्यांनी हा खांब उभारला त्यांना नुसते नाव जपायचे नव्हते. त्यांना त्या माणसाची छबी, त्याचे असणे-वावरणे, काही तरी येथे थांबवून ठेवायचे होते. आणि झाले काय? नाव राहिले, छाया गेली. रूपिअम्म बुटका होता की उंच, रागीट होता की हसरा, नदीत पोहत होता की काठावर बसून राही, हे खांब सांगत नाही. लढाईत पडला की तापाने गेला, तेही सांगत नाही. ज्यांना ठाऊक होते ती माणसे गेली, आणि त्यांच्याबरोबर तो दुसऱ्यांदा गेला.

पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ असतात. त्यांची तऱ्हा निराळी. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि अगदी वर चंद्रसूर्य. वीरगळ मरणाची कथा सांगतो, पण बहुतेकदा नाव सांगत नाही. पवनीचा खांब नाव सांगतो आणि कथा गाळतो. दोन्ही ठिकाणी जो माणूस होता, तो मात्र निसटतो.

आता नदीच्या वरच्या अंगाला जाऊ.

पवनीपासून आठ-दहा किलोमीटरांवर गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. आज पावसाळ्यात त्याचे ३३ दरवाजे उघडले की, त्याची बातमी होते आणि खालच्या गावांना इशारे जातात. वरच्या बाजूला, भंडाऱ्याच्या दिशेने, पाण्याचा अथांग पसारा आहे. ज्या आंभोऱ्याशी मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचे नाव परंपरेने जोडले जाते, त्या आंभोऱ्याचा पाच नद्यांचा संगमही आता ह्याच फुगवट्यात येतो. तेथे २०२४ साली मोठा झुलता पूल झाला आणि लोक रविवारी तो पाहायला जातात. पाण्याकडे पाहून कुणी म्हणते, समुद्रच की हो! बोलणाऱ्याला ते समुद्रासारखे दिसते. आम्हांला त्याच्या खाली आमची गावे दिसतात.

माझ्या मित्राचे गाव त्या पाण्याखाली आहे. माझे त्याच्या पलीकडचे, अर्ध्या कोसावरचे, तेही गेले. दोन्ही गावांची शाळा एकच होती, ती दोन्हींच्या मध्ये होती. पायाभरणीच्या दिवशी आम्ही नऊ वर्षांचे होतो. गावातली निम्मी माणसे हेलिकॉप्टर पाहायला गेली होती, आणि आम्ही दोघे एका ट्रकच्या फाळक्याला लोंबकळून गेलो होतो. त्या हेलिकॉप्टरच्या धुळीतून आपली शाळा बुडणार आहे, हे आम्हांला कुणी सांगितले असते तरी आम्हांला त्या वयात आनंदच झाला असता.

ह्या मित्राचे नाव मी येथे देत नाही. नाव दगडावर कोरलेले आहे, त्याची व्यवस्था झालेली आहे. मला सांगायचे आहे ते नावाखेरीजचे.

तो डावखुरा होता. गुरुजींनी पट्टीच्या जोरावर त्याला उजव्या हाताने लिहायला लावले. पण गोटी मारताना, दगड भिरकावताना आणि भांडताना त्याचा डावाच हात पुढे येई. त्याच्या उजव्या हाताचे अक्षर शेवटपर्यंत पाहुण्यासारखे अवघडलेले राहिले. उन्हाळ्यात वैनगंगेच्या वाळूत ढिवरांच्या टरबुजांच्या आणि डांगरांच्या वाड्या लागत. राखण करणाऱ्या म्हाताऱ्याच्या नजरेसमोरून तो पाण्यात बुडी मारी आणि दुसऱ्या टोकाला वाडीच्या कडेला निघे. डांगर मात्र कधी एकट्याने खाल्ले नाही. फोडले की, सर्वांत मोठी फोड तो आपल्यासाठी ठेवी, हेही खरे. पण बाकीच्या फोडी अगदी सारख्या असत. न्यायाची त्याची कल्पना अशी होती.

सातवीनंतर हायस्कूल लांब पडले. सायकल एकच होती आणि ती त्याच्या बापाची. तो चालवी आणि मी मागे बसे. मागे बसण्याचे भाडे म्हणून मी मोठ्याने वाचायचे, असा करार होता. जाताना मराठीचा धडा, येताना इतिहासाचा. रस्ता खडीचा, अक्षरे डोळ्यांपुढे नाचत. मी थांबलो की तो मान न वळवता म्हणे, ‘पुढचा वाच ना बे.’ पुस्तक हातात धरून अभ्यास करताना मी त्याला फारसा कधी पाहिला नाही. तरी १९९५ साली तो दहावी पास झाला, ते नुसते ऐकून. मी गेली वीसएक वर्षे वर्गात मराठी शिकवतो. तेवढे लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. तेथून खरी सुरू होते. गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, पाहुणेरावळे. रात्री दंडार, खडीगंमत आणि आता नाटके. घरोघरी लेकीजावई येतात आणि रात्र रात्र कुणी झोपत नाही. आमच्या गावच्या दंडारीत बायकांची कामे पुरुषच करीत. एका वर्षी त्याला राणीचे काम दिले. सराव झाला, गाणी पाठ झाली, आणि ऐन दिवशी मिशी काढायची वेळ आली तेव्हा हा बसला अडून. मिशी म्हणजे काय, तर नुकतीच फुटलेली काळसर रेघ. तालीममास्तरांनी हात जोडले, बापाने चप्पल काढली, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी राणी मिशीसकट उभी राहिली आणि हातातल्या पदराने तोंड झाकून तिने सगळा वग निभावला. लोकांनी शिट्या वाजवल्या. पुढे कित्येक वर्षे त्याला ‘रानी’ हे नाव चिकटले होते. ते नाव मात्र कोणत्याही दगडावर नाही.

बारावीनंतर तो भरतीला गेला. त्यात देशभक्तीचे मोठे व्याख्यान नव्हते. घरी चार एकर धान, धाकटी बहीण, आणि धरणात जमीन जाणार हे उघड झालेले. उंची भरली, छाती फुगवून भरली, धावण्यात तो पहिल्या दहांत आला. महार रेजिमेंटमध्ये त्याची निवड झाली. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली; तिचे केंद्र मध्यप्रदेशात सागरला आहे. नावाने महार असली तरी आज तिच्यात सगळ्या जातींची आणि प्रांतांची मुले आहेत. विदर्भातल्या पोराला सागर म्हणजे फार परदेश नव्हे. पवनी रोडवर आम्ही त्याला छोट्या गाडीत बसवले. गाडी सुटल्यावर तो सवयीप्रमाणे खाली उतरला, डब्याबरोबर पाचपन्नास पावले धावला आणि पुन्हा चढला. तेवढी त्या गाडीची गती होती आणि तेवढी त्याची घाई.

सागरहून त्याची पत्रे येत. पुढे पत्त्याच्या जागी नुसते ‘५६ ए.पी.ओ.’ असे येऊ लागले. कुठे आहेस, असे विचारायचे नाही हे ठरून गेले. १९९८ च्या मंडईला तो सुटीवर आला. रात्रभर दंडार पाहिली, पहाटे नदीवर आंघोळ केली आणि आईने केलेले ताकपोहे दोनदा मागून घेतले. आमच्याकडे नव्या धानाचे पोहे होतात. लोक ते दुधात, गुळात खातात. ह्याला लागत ते ताकात, वर मिरचीचा ठेचा. ते पोहे बांधून न्यायचे राहिले, म्हणून त्याने जाताना दोनदा हळहळ केली.

१९९९ च्या मे महिन्यात कारगिलचे युद्ध सुरू झाले. द्रास, मश्को, बटालिक ही नावे आमच्या चावडीवर अशी बोलली जाऊ लागली, जणू ती शेजारच्या तालुक्यातली गावे आहेत. टीव्हीवर दिसलेले आपल्याकडचे हे पहिले युद्ध. गावात टीव्ही दोन होते आणि अंगणात माणसे मावत नव्हती. त्याचे शेवटचे पत्र जूनच्या अखेरीस आले. त्यात डोंगराविषयी, बर्फाविषयी, तोफांविषयी एक ओळ नव्हती. रोवणीला माणसे मिळाली का, नदी पिंपळापर्यंत चढली का, आणि बहिणीच्या दहावीच्या निकालाचे काय झाले, हे तीन प्रश्न होते. उत्तर मी लिहिले. ते त्याला मिळाले नसावे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो गेला.

पूर्वीच्या लढायांत गावाकडे तार यायची, पुढे कधीतरी एक ट्रंक यायची. देह आघाडीवरच अग्नीला दिला जाई. कारगिलच्या वेळी जवानांचे देह घरी पाठवले गेले. त्यामुळे देशातल्या शेकडो खेड्यांनी युद्ध आपल्या वेशीत आलेले पाहिले. रोवणीचे दिवस होते. लष्कराचा ट्रक डांबरी रस्ता सोडून आमच्या रस्त्याला लागला तेव्हा दोन्ही बाजूंच्या बांध्यांतून बायका चिखलात वाकलेल्या होत्या. ट्रक जसजसा पुढे आला तसतशा त्या एकेका बांधीतून उभ्या राहत गेल्या. कुणी हात जोडले नाहीत, कुणी काही बोलले नाही. हातांत धानाच्या रोपांच्या पेंढ्या तशाच धरून त्या उभ्या होत्या. सलामीच्या बंदुका मी नंतर ऐकल्या. पण माझ्या लेखी त्याला मानवंदना मिळाली ती तेथे.

नदीकाठी, पिंपळाच्या वरच्या अंगाला त्याला अग्नी दिला. त्या वर्षी नदी पिंपळापर्यंत चढली होती. आता ती जागा, तो पिंपळ, शाळा, सायकलचा खडीचा रस्ता आणि दंडारीचा चौक, सर्व पाण्याखाली आहे. पाणी टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले आणि गावे टप्प्याटप्प्याने उठली. माणसांनी दारेखिडक्या काढून नेल्या, कौले मोजून नेली, देव नेले. त्याच्या नावाचा दगडही नेला. नव्या गावठाणात रस्ते सरळ आहेत, घरांना क्रमांक आहेत, आणि चौकात एका ओट्यावर तो दगड बसवला आहे. २६ जुलैला आणि दोन्ही राष्ट्रीय सणांना त्याला हार घालतात.

त्याची आई अजून आहे. मी तिला काकू म्हणतो. ती मला लहानपणीचे ‘बाबू’ सोडून दुसरे काही म्हणत नाही. मागे एकदा ओट्याला नवा रंग दिला होता, अक्षरे सोनेरी केली होती. मी म्हटले, ‘काकू, छान झालं आता.’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘बेस झाला बाबू. नाव लिवला, गाव लिवला, तारीख लिवली. पर त्याले पोहे ताकात लागत होते, हे कोन लिवन?’

मी पुष्कळ पंडितांचे ग्रंथ वाचले आहेत. स्मारकांवर ह्याहून मोलाचा अभिप्राय माझ्या वाचनात नाही.

पवनी गावाला ह्याच दुःखाची ओळख अगदी अलीकडे पुन्हा झाली. मेजर प्रफुल्ल मोहरकर हे पवनीचेच. २३ डिसेंबर २०१७ रोजी राजौरी जिल्ह्यातल्या केरी भागात नियंत्रण रेषेवर पलीकडून झालेल्या गोळीबारात ते धारातीर्थी पडले. त्यांच्याबरोबर पंजाब-हरियाणातले जवानही गेले. मेजर मोहरकर ३२ वर्षांचे होते. पवनीत लष्करी इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी युद्ध जाहीर झालेले नव्हते, वर्तमानपत्रांतून नकाशे छापून येत नव्हते; पण घरी आलेल्या देहाला त्याने काय फरक पडतो? त्यांचीही शाळासोबती मंडळी असतील, आणि त्यांना जे आठवत असेल ते मला ठाऊक नाही, तुम्हांलाही नाही. ते त्यांच्याजवळच आहे. माझे म्हणणे एवढेच की, ते त्यांनी सांगावे, लिहावे, निदान घरातल्या मुलांना ऐकवावे.

राष्ट्राने आपले काम केले आहे. द्रासला तोलोलिंगच्या पायथ्याशी स्मारक आहे. तेथे भिंतीवर नावे आहेत. कारगिलच्या युद्धात आपले ५२७ जवान पडले. दिल्लीला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. तेथे स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे गोलाकार भिंतींतून, एकेका दगडावर एकेक अशी कोरली आहेत. मी तेथे गेलो आहे. नावे वाचता वाचता माणूस थकतो, आणि थकल्यावर त्याला कळते की, प्रत्येक नावामागे एक सायकल आहे, एक नदी आहे, एक आवडीचा पदार्थ आहे, आणि ते सारे ह्या भिंतीवर मावणारे नाही. ते मावावे अशी अपेक्षाही करू नये. दगडाचे काम नाव सांभाळण्याचे. छाया सांभाळण्याचे काम दगडाला दिले की काय होते, ते रूपिअम्माच्या खांबाने आपल्याला दाखवून दिले आहे. ते काम जिवंत माणसांचे. आणि ती माणसेही काही सदा राहत नाहीत. मी आता पंचेचाळिशी ओलांडली आहे. त्याला मिशीसकट राणी झालेला पाहणारे आमच्यात किती उरले, हे मोजायला हातांची बोटे पुरतात.

काकूंच्या घरात भिंतीवर त्याचा एक फोटो आहे. सागरच्या कुठल्याशा स्टुडिओत गणवेशात काढलेला. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर समोर. छायाचित्र उत्तम आहे, पण त्यात छाया नाही; तो इतका वेळ तोंड मिटून कधी उभा राहिलेला मला आठवत नाही. घरात आलेली नवी सून आणि तिची मुले त्याला ह्या फोटोवरूनच ओळखतात. त्यांना तो एक गंभीर, थोर, जरा भीती वाटावी असा माणूस वाटतो. थोर तो असेलही. गंभीर खचित नव्हता.

वाचकांपैकी कुणाला ह्या बाजूला यायचे झाले तर मंडईच्या दिवसांत यावे. आजकाल पुष्कळ लोक उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ पाहायला येतात आणि परस्पर परत जातात. त्यांनी एखादा दिवस वाढवावा. सकाळी पवनीचा तट आणि घाट पाहावा, जगन्नाथ टेकडीवर जावे, धरणाच्या भिंतीवरून वरच्या पाण्याकडे एकदा नजर टाकावी. रात्री जी मंडई जवळ असेल तेथे दंडार पाहावी. पाहुण्याला बसायला पुढे जागा देण्याची आमच्याकडे रीत आहे. आणि वाटेत कुठल्याही गावाच्या चौकात असा नावाचा दगड दिसला, तर नुसते वाचून पुढे जाऊ नये. शेजारच्या पानठेल्यावर किंवा पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारावे, हा मुलगा कसा होता? पहिल्यांदा तो म्हणेल, ‘लय चांगला होता जी.’ तेवढ्यावर थांबू नये. थोडे बसावे.

गेल्या मंडईला मी नव्या गावठाणात गेलो होतो. चौकातल्या ओट्याच्या पायऱ्यांवर पोरांचा खेळ चालला होता. दगडाला टेकून एक जण राज्य घेत होता, डोळे मिटून आकडे मोजत होता. एक म्हातारा त्यांच्यावर ओरडला. पोरे पांगली, एक मात्र तेथेच रेंगाळला. आठ-नऊ वर्षांचा असेल. मी अक्षरे वाचतो आहे हे पाहून त्याने विचारले, ‘तुमी ओळखत होते का जी ह्यायले?’

मी म्हटले, हो. आणि ओट्यावर बसून त्याला राणीच्या मिशीची गोष्ट सांगितली. तो इतक्या मोठ्याने हसला की, पांगलेली पोरे परत आली, आणि मला ती पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागली.